आबांच्या बुलेटचं चेंबर, रॉकेल आणि माझा कॉस्टिकचा शहाणपणा

गेले सात रविवार मी परड्यात पाटावर बसून भांडी घासतोय असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगते, आणि लांबून बघणाऱ्याला तसंच वाटणार म्हणा, कारण समोर तेलाचा १५ किलोचा डबा आडवा कापून केलेला ट्रे, शेजारी जुने टूथब्रश, बाटल्या धुवायचे ब्रश, आणि माझ्या मांडीवर काळंकुट्ट अ‍ॅल्युमिनियम. फक्त ते भांडं नाही, १९८४ च्या बुलेटचं चेंबर आहे, म्हणजे इंजिनाचा खालचा डबा, ज्यात क्रँक फिरतो. आबांची गाडी.

झालं असं की डिसेंबरात आंबा घाट चढताना इंजिनातून खालून टक टक आवाज यायला लागला. आधी वाटलं टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारा भाग, सैल झाला की टकटकतो) असेल. आपण सगळे आधी टॅपेटच म्हणतो, कारण टॅपेट म्हटलं की खर्च वाटत नाही. पण गिअर बदलला की आवाज वाढायचा, थ्रॉटल सोडला की बदलायचा, तेव्हाच पोटात गोळा आला होता. गाडी टेम्पोत घालून कोल्हापूरला आणली. उद्यमनगरात आमचे एक चाचा आहेत, आबांच्या वेळेपासून ही गाडी त्यांच्याच हाताखालची (मध्ये चार वर्षं सोडून, त्या चार वर्षांचं पुढे येतंच). चाचांनी किक मारायला लावली, दहा सेकंद ऐकलं आणि म्हणाले, "बंद कर. बिग एंड गेलाय. इंजिन खाली घे." बिग एंड म्हणजे पिस्टनचा दांडा, कनेक्टिंग रॉड, खाली क्रँकला जोडतो तो सांधा.

मी म्हटलं चाचा, मला पण शिकायचंय, मी बसतो तुमच्याबरोबर. त्यावर ते म्हणाले, "खोलायचं आणि बांधायचं मी बघतो. धुवायचं तू. माझी पोरं धुत्यात, पण घाईत धुत्यात." मला वाटलं कटवलं मला. आता सात रविवारांनंतर कळतंय की अख्ख्या कामातलं सगळ्यात कटकटीचं काम त्यांनी बिनपगारी माणसाला दिलं, आणि बरोबरच केलं.

ज्यांना हे इंजिन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जुनी कास्ट आयर्न बुलेट, ३४६ सीसी, ७० मिलिमीटर बोर (सिलिंडरचा आतला व्यास), ९० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव). सिलिंडर बिडाचा, पण खालचं चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं, दोन अर्धी एकमेकांना जोडलेली. बाकीच्या बऱ्याच गाड्यांत ऑइल खाली तळाशी साठतं, हिच्यात ऑइलची टाकीच चेंबरच्या आत कास्ट केलेली आहे, फ्लायव्हीलच्या मागच्या बाजूला एक वेगळा कप्पा. तिथून फीड पंप ऑइल उचलतो, बिग एंडकडे ढकलतो, आणि खाली पडलेलं ऑइल रिटर्न पंप परत वर पाठवतो. आता बिग एंडला या जुन्या इंजिनात रोलर बेअरिंग नाही, फ्लोटिंग बुश आहे. म्हणजे कनेक्टिंग रॉड आणि क्रँक पिनच्या मध्ये एक बुश, आतून-बाहेरून दोन्हीकडे ऑइलच्या पातळ थरावर तरंगणारा. ऑइल चांगलं आणि दाबाने मिळालं तर वर्षानुवर्षं चालतो, पण एक कण वाळू गेली किंवा ऑइल दोन मिनिटं कमी पडलं की संपला. म्हणून चेंबर धुणं म्हणजे बाहेरून चकाकी आणणं नव्हे, आतल्या वाटा मोकळ्या करणं. हे मला आज लिहिता येतंय, पहिल्या रविवारी मी सगळा वेळ बाहेरची फिन आणि नटांच्या खाचा घासण्यात घालवला होता आणि फोटो काढून ग्रुपवर टाकले होते. चाचांनी फोटो बघितला आणि विचारलं, "आणि आत?"

तर सुरुवात रॉकेलने. आता रॉकेल मिळवणं हेच एक प्रकरण आहे. लहानपणी रेशनचं निळं रॉकेल घरात कॅनने असायचं, आता शोधावं लागतं, आणि रेशनचं रॉकेल असल्या कामाला वापरायचं नसतंच, त्यात तो निळा रंग घातलेलाच त्यासाठी असतो. बरेच गॅरेजवाले आता डिझेल वापरतात. डिझेलने पण निघतं, पण ते नंतर चिकटून राहतं, वाळत नाही, आणि हाताला वास दोन दिवस. मी उघड्या बाजारातलं पांढरं रॉकेल आणलं, दहा लिटर.

पेट्रोलने धुऊ नका. हे सगळे सांगतात आणि सगळे पेट्रोलनेच धुतात, मी पण कार्ब्युरेटर वर्षानुवर्षं पेट्रोलनेच धुतलाय. पण एक गोष्ट नीट समजून घेतल्यापासून माझी फाटली. रॉकेलच्या वाफा ठिणगीने पेटायला रॉकेल साधारण ३५-४० अंशांच्या पुढे तापावं लागतं, पेट्रोलला शून्याखाली ४० अंशांना सुद्धा पुरेशी वाफ सुटते. म्हणजे आपल्याकडे बारा महिने तेरा काळ ते पेटायला तयारच बसलेलं असतं. त्यात ती वाफ हवेपेक्षा जड, वर उडून जात नाही, फरशीवरून पाण्यासारखी वाहत जाते, आणि आमच्या परड्याच्या पलीकडच्या भिंतीला बंब आहे. सकाळी पेटवलेला बंब. ट्रे इथे, बंब पंधरा फुटांवर, वास येत नाही म्हणून आपण निवांत. शिवाय पेट्रोलमध्ये थोडं बेंझीन असतं, आता नियमाने एक टक्क्याच्या आत, पण ते कातडीतून आणि श्वासातून आत जातं आणि रक्ताच्या कॅन्सरशी त्याचा संबंध पक्का आहे. चाचांचे हात बघा कधी, कोपरापर्यंत कातडी पांढरी पडून भेगाळलेली. चाळीस वर्षं उघड्या हातांनी धुतलंय त्यांनी. मला मात्र म्हणाले, "तू ग्लोव्हज घाल." मी म्हटलं तुम्ही? तर म्हणाले, "आता काय उरलंय."

रॉकेलचे पण एप्रिलच्या उन्हात तापलेला पत्र्याचा ट्रे असेल तर लाड करू नका, सावलीत बसा.

रॉकेलची एक शिस्त चाचांनी लावून दिली ती भारी आहे. तीन डबे. पहिल्या डब्यात सगळ्यात घाण रॉकेल, त्यात पार्ट रात्रभर बुडवून ठेवायचा. दुसऱ्यात ब्रशने घासायचं. तिसऱ्यातलं स्वच्छ, त्यात फक्त विसळायचं. रात्रभर ठेवलं की गाळ तळाशी बसतो, वरचं रॉकेल हळूच आबांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यातून गाळून घ्यायचं, आणि तिसऱ्याचं दुसऱ्यात, दुसऱ्याचं पहिल्यात असं खाली उतरवत जायचं. दहा लिटरात अख्खं इंजिन झालं माझं. धोतरच का, तर त्याला धागे सुटत नाहीत. गॅरेजमध्ये मिळतं ते कॉटन वेस्ट आतल्या बाजूला अजिबात लावायचं नाही, त्याचा एक धागा ऑइलच्या भोकात अडकला तर धुतलं काय आणि नाही धुतलं काय.

आता ती ऑइलची टाकी. हिच्याबद्दल मला लिहायचंच होतं. वरून टॉर्च मारला तर स्वच्छ दिसत होती, तळाला थोडा काळपट थर. बोट घातलं तर बोट रुतलं. अक्षरशः रुतलं, ओल्या शाडूत जातं तसं. साधारण एक बोट जाडीचा गाळ, चाळीस वर्षांचा, वरून नवं ऑइल ओतत राहिलो आम्ही आणि खाली हा बसून होता. ड्रेन प्लग काढला की ऑइल यायचं पण गाळ जागचा हलत नव्हता, कारण प्लगच्या भोकाभोवती त्याने खड्डा करून घेतला होता, विहिरीसारखा, तेवढ्यातून ऑइल बाहेर यायचं. लाकडी चमच्याने (जुना उलथना, बायकोला अजून माहीत नाही) खरवडून काढला, वर्तमानपत्रावर पसरला. उन्हात धरला तर चमचम करत होता, पितळी रंगाचे बारीक कण आणि राखाडी अ‍ॅल्युमिनियमची भुकटी. तो पितळी रंग म्हणजे आमचा बिग एंडचा बुश, पावडर होऊन टाकीत येऊन बसलेला.

रॉकेल तेल आणि ग्रीस सोडवतं, पण जळून घट्ट झालेला थर, तो लाखेसारखा तपकिरी चकचकीत असतो तो, त्याला रॉकेलने काही होत नाही. त्याला थिनर. रंगवाल्याकडचा एनसी थिनर, ब्रशने लावून दोन मिनिटं थांबायचं, मग पुसायचं. पण थिनर रॉकेलच्या नंतर, आधी नाही, नाहीतर सगळा थिनर ग्रीस विरघळवण्यातच जातो आणि उडून जातो. आणि थिनरला ते निळे नायट्राइल ग्लोव्हज पुरत नाहीत. रॉकेलला उत्तम, पण थिनरमध्ये अ‍ॅसिटोन असतं त्याने ते फुगतात, सैल होतात, आणि आपल्याला वाटतं हात सुरक्षित आहे. मी दर दहा मिनिटांनी जोड बदलत होतो. ऑइल सील, ओ रिंग काही आत राहिलं असेल तर थिनरने ते पण फुगतं, पण ते तसंही नवीन टाकायचं असतं.

मग भोकं. चेंबरमध्ये ऑइल जायचे ड्रिल केलेले रस्ते असतात, काही सरळ, काही आत जाऊन वळलेले. मेडिकलमधून २० एमएलची सिरिंज आणली, टोकाला बारीक नळी लावली, आणि एका तोंडातून रॉकेल मारायचं, दुसऱ्या तोंडाखाली पांढरी थाळी धरायची. पहिल्या पिचकारीला काळं पाणी. दुसऱ्या-तिसऱ्याला चहाच्या रंगाचं. एका रस्त्यातून मात्र काहीच बाहेर येईना, सिरिंज उलटी माझ्याच तोंडावर उडाली (चष्मा घाला, साधा का होईना घाला). टायमिंग साईडचा रस्ता होता तो, जिथून ऑइल पुढे क्रँककडे जातं. गिटारची बारीक तार घातली, काहीतरी लिबलिबीत लागलं. चिमट्याने ओढलं तर लाल रंगाचा, साधारण इंचभर लांबीचा रबरासारखा दोरा बाहेर आला. सिलिकॉन. पॅकिंगला लावतात ते सिलिकॉन सीलंट.

हेच ते चार वर्षांचं प्रकरण. मध्ये मी नोकरीसाठी दुसऱ्या गावात होतो आणि तिथल्या एका मेकॅनिकने टायमिंग कव्हर (चेंबरच्या बाजूचं झाकण, ज्याच्यात ऑइल पंप बसतो) उघडून गळती बंद करून दिली होती. गळती बंद झाली होती, एक थेंब नाही, मी किती खूश होतो. त्याने पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना ट्यूबभर सिलिकॉन थापलं होतं, कव्हर आवळलं की जादाचं सिलिकॉन बाहेर येतं तेवढंच आत पण येतं, बाहेरचं आपण पुसतो, आतलं दिसत नाही. ते वाळतं, तुटतं आणि ऑइलबरोबर प्रवासाला निघतं. तो दोरा मी चाचांना नेऊन दाखवला. त्यांनी तो बोटांत ताणून बघितला, काही बोलले नाहीत, टेबलाच्या काचेखाली ठेवून दिला, नव्या पोरांना दाखवायला.

बरं, वाळलेलं सिलिकॉन आपल्या हाताशी असलेल्या कशातच विरघळत नाही हे लक्षात ठेवा. रॉकेल, पेट्रोल, थिनर, काहीही ओता, फार तर फुगतं. ते हातानेच काढायचं. जुनं कागदी पॅकिंग पण तसंच, थिनरचं फडकं वर अर्धा तास ठेवून मऊ करायचं आणि खरवडायचं. पण चाकू, छिन्नी, ब्लेड नाही. चेंबरच्या दोन अर्ध्यांमध्ये मुळात जाड पॅकिंग नसतं, धातू धातूवर बसतो, तिथे एक ओरखडा आडवा गेला की तिथून ऑइल कायम पाझरणार आणि मग पुन्हा सिलिकॉन. मी बांबूच्या पट्टीला धार काढून वापरली, वेळ लागतो, पण जीव शांत राहतो.

आता माझा शहाणपणा.

सिलिंडर बोरिंगला (आतून कापून भोक पुन्हा नीट गोल करायला) टाकला होता. बोरिंगवाल्याने तो आधी कॉस्टिकच्या गरम टाकीत उकळून काढला, आणि काय निघाला म्हणून सांगू, चाळीस वर्षांची काजळी, रंग, जळकं ऑइल सगळं साफ, बीड अगदी नव्यासारखं राखाडी. मी विचारलं कशाने केलं, म्हणाला कॉस्टिक सोडा. घरी येऊन मी विचार केला, अरे मी इथे टूथब्रशने मरतोय, आणि हे एवढं सोपं आहे. मोरीचा पाईप तुंबला तर टाकतो तोच की. पुडी घरात होतीच. बादलीत गरम पाणी, दोन मुठी कॉस्टिक, आणि त्यात बुडवलं टायमिंग कव्हर.

क्षणभर काही नाही. मग कव्हरच्या कडांवरून बारीक बारीक बुडबुडे सुटायला लागले, सोडा वॉटर ओतल्यासारखे. मला वाटलं वा, घाण सुटतेय. मग फेस वर आला, बादली हाताला गरम लागायला लागली, मूळ पाण्यापेक्षा जास्त गरम, आणि एक घशाला लागणारी वाफ. तोपर्यंत काहीतरी चुकलंय हे कळलं होतं पण हात घालायची हिंमत होईना. काठीने उचलून नळाखाली धरलं तर कव्हर काळं. काजळीचं काळं नाही, धातूच काळा, हात लावला तर बोटाला लागणारा.

बीड आणि लोखंडाला कॉस्टिक काही करत नाही. अ‍ॅल्युमिनियमला खातं. घाण नव्हती सुटत, माझं कव्हर विरघळत होतं, आणि ते बुडबुडे हायड्रोजनचे होते, ज्वालाग्राही. बंब पंधरा फुटांवर हे मी मगाशी सांगितलंच आहे. काळा थर म्हणजे मिश्रधातूतलं सिलिकॉन, तांबं असलं न विरघळणारं जे काही मागे उरतं ते. (हे सिलिकॉन वेगळं, मूलद्रव्य, सीलंटचं नव्हे. एकाच इंजिनात मला दोन सिलिकॉननी छळलं.)

थर घासून काढला, वरून कव्हर ठीक दिसायला लागलं, मी मनात म्हटलं वाचलो. चाचांकडे नेलं. त्यांनी बाहेरून बघितलंच नाही, पालथं केलं आणि ऑइल पंपाची डिस्क जिथे बसते त्या सीटवर नख फिरवलं. या गाडीत पंपाच्या डिस्क कव्हरमधल्या मशीन केलेल्या सपाट सीटवर घासून बसतात, तिथे आरशासारखा पृष्ठभाग हवा, तरच दाब तयार होतो. माझी सीट खडबडीत झाली होती, बारीक पॉलिश पेपरसारखी. "कॉस्टिक?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "आबांनी पण एकदा केलंतं," म्हणाले. "१९९१ ला. क्लच कव्हर." आणि हसायला लागले. आबा गेले तेव्हापासून मला त्यांच्याबद्दल कुणी एवढी चांगली गोष्ट सांगितली नव्हती.

कव्हर दुसरं आणावं लागलं, जुन्या बाजारातून. त्याच्या सीटवर डिस्क बारीक ग्राइंडिंग पेस्टने घासून बसवली, आणि मग ती पेस्ट धुवायला अजून एक अख्खा रविवार, कारण ग्राइंडिंग पेस्ट म्हणजे वाळूच, आपणच हाताने इंजिनात घातलेली.

एवढ्यावरून कपडे धुवायची पावडर पण लक्षात आली. मागे कुणीतरी सांगितलं होतं की चेंबर पातेल्यात पाणी आणि पावडर टाकून उकळा. पावडरीत धुण्याचा सोडा असतो, तो कॉस्टिकएवढा जालीम नाही पण उकळत्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम काळवंडवतोच. उकळायचंच तर भांडी घासायचं लिक्विड, दोन झाकणं, बास. आणि ट्रक धुणारे अ‍ॅल्युमिनियम चमकवायला एक अ‍ॅसिड मारतात, त्यातल्या काहींमध्ये हायड्रोफ्लोरिक असतं, त्याच्या वाटेला तर जाऊच नका, ते कातडीवर लगेच भाजत पण नाही, आतून हाडापर्यंत जातं आणि काही तासांनी कळतं.

सिल्व्हर पेंट राहिला. कुणीतरी कधीतरी आमच्या चेंबरला चंदेरी रंग फासला होता, बहुतेक गाडी पासिंगला न्यायच्या आधी. तो काढायला पेंट रिमूव्हर आणला, घट्ट जेली असते ती. लावलं की दहा मिनिटांत रंग पापडासारखा फुगून वर येतो, बघायला मजा येते. पण जुन्या धाटणीच्या रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराईड असतं, एक टिपका मनगटावर पडला तर मुंगी चावल्यासारखं झालं आणि धुवेपर्यंत लाल गोल चट्टा. ते श्वासातून गेलं की शरीरात त्याचा कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, बंद खोलीत वापरून माणसं मेलीत, अमेरिकेने २०१९ ला घरगुती ग्राहकांना असा रिमूव्हर विकायला बंदी घातली. मी परड्यात, वारा पाठीमागून घेऊन, तेवढंच. आणि पुन्हा रंग मारला नाही. अ‍ॅल्युमिनियम जसं आहे तसं.

आता एक प्रसंग, जो घडला नाही म्हणून मी हे लिहितोय. इंजिन फ्रेमला बांधतात तिथल्या खालच्या कानाला तडा होता. अर्गॉन वेल्डिंगला नेलं. मी मोठ्या अभिमानाने चेंबर पुढे केलं, एकदम स्वच्छ, निघता निघता शेवटचा हात म्हणून वर ब्रेक क्लीनरचा स्प्रे पण मारला होता. वेल्डरने टॉर्च उचलला, नाकाजवळ चेंबर नेलं आणि टॉर्च खाली ठेवला. "कशानं धुतलंय?"

मी सांगितलं.

"कंचा क्लीनर? डबा आणलाय का?"

डबा गाडीच्या डिकीत होता. त्याने मागचं बारीक अक्षरातलं वाचायचा प्रयत्न केला, मग मला वाचायला दिलं. काही ब्रेक क्लीनर क्लोरीनवाल्या सॉल्व्हंटचे असतात, आणि त्याचा ओलावा खाचेत राहिला असताना अर्गॉनचा आर्क लावला तर फॉस्जीन तयार होतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडलेला तोच वायू. जरासा फुफ्फुसात गेला तर त्या वेळी फारसं काही वाटत नाही, नुसता खोकला, आणि पाणी रात्री चढतं. माझ्या डब्यावर टेट्राक्लोरोइथिलीन लिहिलेलं होतं. वेल्डर शांतपणे म्हणाला, "घेऊन जावा. साबणाच्या पाण्यानं धुवा, उन्हात ठेवा, परवा या." मी बाहेर येऊन पाच मिनिटं गाडीवर नुसता बसून होतो. त्याने विचारलं नसतं तर? मी सांगितलं नसतं, कारण मला त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच माहीत नव्हतं.

परवा परत गेलो तेव्हा त्याने वेल्डच्या आधी ती जागा टॉर्चने नुसती गरम केली, आणि एवढ्या सात रविवारांच्या धुण्यानंतरही धातूतून तपकिरी तेल घाम आल्यासारखं वर आलं. कास्टिंगला बारीक छिद्रं असतात, तेल त्यात मुरलेलं असतं, लोणच्याच्या बरणीचा वास कितीही धुतला तरी जात नाही तसं. पुसलं, परत गरम केलं, परत आलं. तिसऱ्यांदा कोरडं राहिलं तेव्हा वेल्ड मारला.

शेवटची धुलाई साबण आणि उकळत्या पाण्याची. हे मला आधी पटत नव्हतं, एवढं तेल काढल्यावर पाणी कशाला. पण रॉकेल आणि थिनर तेल सोडवतात आणि उडून जातात, तेलाने धरून ठेवलेली धूळ, वाळू, पेस्टचे कण तिथेच कोरडे राहतात. ते साबणाच्या पाण्यानेच वाहून जातात. आमच्या घरी गणपतीच्या प्रसादाला काढतात ते मोठं पातेलं आहे, ते मिळणार नव्हतं, म्हणून अंगणात दुसरं मागून आणून चूल पेटवली. एक फायदा पण झाला, उकळत्या पाण्यातून चेंबर काढल्या काढल्या बेअरिंगच्या घरात नवीन बेअरिंग जवळजवळ हाताच्या दाबाने बसलं, अ‍ॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं म्हणून. फक्त आधी हवा मारून पाणी उडवा. पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर आहे, प्रत्येक भोकात हवा मारली, शिट्टी वाजते प्रत्येक रस्त्याची वेगळी. आणि धुतलेलं स्टीलचं काहीही, डॉवेल, स्टड, लगेच ऑइलचा हात द्या, मी चहा प्यायला गेलो आणि येईपर्यंत स्टडवर केशरी छटा आली होती. मग सगळं धुतलेल्या धोतरात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत.

उरलेलं घाण रॉकेल, गाळ, थिनरची फडकी. आधी सगळेजण जे करतात ते म्हणजे गटार. आमच्या गल्लीतलं गटार नाल्याला, नाला पंचगंगेला, पुढे आम्हीच पितो किंवा खालच्या गावांतले पितात. कॅनमध्ये भरून झाकण लावून चाचांकडे दिलं, त्यांच्याकडे जळकं ऑइल न्यायला माणूस येतो. फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर.

मागच्या शुक्रवारी चाचांनी इंजिन बांधलं. मी शेजारी बसून पार्ट हातात देत होतो आणि प्रत्येक पार्ट देताना ते बोट फिरवून बघत होते, एकही परत दिला नाही, एक सोडून, फिल्टरचं झाकण, त्याच्या आटीत काळं राहिलं होतं. टायमिंग कव्हरला कागदी पॅकिंग आणि त्यावर ग्रीसचा नुसता हात, बास. किक मारायच्या आधी पंपातून ऑइल भरून घेतलं. पाचव्या किकला गाडी सुरू झाली आणि चाचांनी वर रॉकरला जाणाऱ्या ऑइल पाईपचा बोल्ट अर्धा आटा सैल केला. ऑइल वर पोचतंय का बघायची हीच पद्धत. आम्ही दोघं वाकून बघत होतो. दहा सेकंद. वीस. मी चाचांकडे बघितलं, ते बोल्टकडे बघत होते. मग बोल्टच्या खालून ऑइल आलं, मधासारखं, स्वच्छ, आणि फिनवरून ओघळून सिलिंडरवर उतरलं.

"घट्ट कर," चाचा म्हणाले. "३०० किलोमीटरला ऑइल काढून आण. बाटलीत. मला बघायचंय."